महिनाअखेरपर्यंत दीड लाख भरू का?

पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या आहेत. सोलापुरातल्या सव्वाशे खाटांच्या खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये स्टाफ नर्स. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी (त्यापुढची पदवी), एकूण आठ वर्षांचा अनुभव, पगार एकवीस हजार. पती पतसंस्थेत नोकरीला, मुलगी पाच वर्षांची, सासूबाई सोबत राहतात. वॉर्डातल्या एक केरळी सिस्टर जर्मनीला गेल्या, तेव्हापासून यांच्याही मनात तोच विचार आहे. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं सहा लाखांचं ‘जर्मनी पॅकेज’ सांगितलं आहे: भाषेचा क्लास, तिथल्या ‘आउसबिल्डुंग’ला (प्रशिक्षणाला) प्रवेश, व्हिसा, तिकीट. महिनाअखेरपर्यंत दीड लाख टोकन आणि सगळी मूळ प्रमाणपत्रं जमा करायची, नाहीतर ‘बॅच भरेल’. पती गावाकडचा प्लॉट गहाण ठेवायला तयार आहेत. सासूबाई म्हणतात, ‘पोर सांभाळीन मी, पण आई असून लेकराला टाकून जातेस?’ गेल्या सरकारी भरतीत निवड थोडक्या गुणांनी हुकली. त्या विचारतात: ‘इथे ना पैसा ना मान. वयही चाललंय. पैसे भरू का? आणि मुलीला सोडून जाणारी आई स्वार्थी असते का?’

प्रिय सिस्टर,

पैसे भरू नका. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. दिली असतील तर उद्याच सुट्टी टाका आणि जाऊन परत आणा. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायला हरकत नाही, साक्षांकित प्रती द्यायलाही नाही. पण मूळ मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दुसऱ्याकडे राहिलं की नोकरी बदलायची, दुसरीकडे अर्ज करायची तुमची मोकळीकच संपते. तातडीचं काय ते एवढंच. बाकी कशाची घाई नाही. जर्मनीत परिचारिकांची टंचाई कित्येक वर्षांची आहे, ती एका बॅचबरोबर संपणार नाही.

जाऊच नका, असं मात्र मी म्हणत नाही. आठ वर्षं वॉर्ड आणि आयसीयू काढलेल्या बाईला चांगला पगार हवासा वाटला, वेगळं जग पाहावंसं वाटलं, तर त्यात गैर काहीच नाही. मला अडचण वाटते ती तुम्हाला दाखवलेल्या वाटेची.

आउसबिल्डुंग म्हणजे जर्मनीत परिचारिका होण्यासाठीचं तीन वर्षांचं प्रशिक्षण. शाळा संपवलेली तिथली मुलं त्याला जातात, आणि आपल्याकडची बारावी झालेली मुलंही अलीकडे मोठ्या संख्येनं जाऊ लागली आहेत. त्या काळात विद्यावेतन मिळतं. सार्वजनिक रुग्णालयांच्या वेतनकरारानुसार पहिल्या वर्षी ते महिना साधारण चौदाशे ते पंधराशे युरो असतं, आणि त्यातून विमा वगैरे कापला जातो. थोडक्यात, सहा लाख देऊन तुम्ही पुन्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी होणार. वीस वर्षांच्या मुलींबरोबर बसून नाडी कशी मोजायची ते शिकणार.

तुम्ही तर परिचारिका आहातच. नोंदणीकृत आहात. तुमच्यासाठीचा रस्ता वेगळा आहे, त्याला तिथे ‘आनेर्केनुंग’ म्हणजे मान्यता म्हणतात. तुम्ही शिकलेले विषय, त्यांचे तास, क्लिनिकलचे तास आणि अनुभव हे सगळं तिथल्या संबंधित राज्याचं कार्यालय त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं. भारतीय परिचारिकांच्या बाबतीत काही ना काही कमतरता बहुतेक वेळा निघते आणि ती एका पत्रानं कळवली जाते. ती भरून काढायचे मार्ग दोन: एक परीक्षा, किंवा रुग्णालयात काम करत पूर्ण करायचा अनुकूलन अभ्यासक्रम. दरम्यान तुम्ही त्याच रुग्णालयात सहायक म्हणून पगारावर असता. मान्यता मिळाली आणि बी-२ पातळीची (ए-१, ए-२, बी-१ नंतरची चौथी पायरी) जर्मन असली की पूर्ण परिचारिका म्हणून नाव लागतं, पगार वाढतो. तिथे पोहोचल्यापासून याला काही महिने ते दीड वर्ष लागतं. आउसबिल्डुंगला तीन वर्षं.

मग कन्सल्टन्सीनं तुम्हाला लांबचा रस्ता का सुचवला? मान्यतेची फाइल करणं चिकाटीचं काम आहे. नर्सिंग स्कूलकडून विषयवार तासांचा तक्ता आणायचा, अनुभवाचे दाखले नीट लिहून घ्यायचे, जर्मन कार्यालयाशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करायचा. आउसबिल्डुंगला बारावीची मार्कशीट, भाषेचं प्रमाणपत्र आणि एक जागा मिळाली की झालं. ती त्यांची सोय आहे. त्या सोयीपायी तुमची आठ वर्षं का पुसायची?

आता पैशांचं. तुमच्या पूर्ण पत्रात एक गोष्ट गृहीत आहे: परदेशातली नोकरी विकत घ्यावी लागते, प्रश्न फक्त सहा लाख जास्त आहेत की रास्त, इतकाच. मला हे गृहीतच मान्य नाही. परिचारिकेची गरज कुणाला आहे? रुग्णालयाला. भरतीचा खर्चही त्यानंच करायचा, आणि हा काही माझा भाबडा आग्रह नाही, जर्मनीत तसा रिवाज रुजवायचा प्रयत्न सरकारी पातळीवर चालू आहे. परिचारिकांकडून भरतीसाठी पैसे न घेणाऱ्या रुग्णालयांना आणि एजन्सींना तिथे ‘फेअर भरती’चा सरकारी शिक्का मिळतो आणि तो कुणाकडे आहे याची यादी सगळ्यांना पाहता येते. जर्मनीची केंद्रीय रोजगार संस्था आणि जीआयझेड ही तिथली सरकारी विकास संस्था मिळून ‘ट्रिपल विन’ नावाचा कार्यक्रम चालवतात. केरळ सरकारच्या, परदेशी जाणाऱ्या केरळी लोकांसाठी काम करणाऱ्या नोर्का रूट्स संस्थेबरोबर त्यांचा २०२१ मध्ये करार झाला. त्यातून जाणाऱ्या परिचारिकांकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत, आणि जर्मन शिकवण्याची सोयही त्यातच होते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेची भरतीची आचारसंहिताही हेच सांगते की उमेदवाराकडून फी घ्यायची नाही.

तुमच्या त्या केरळी सहकारी कशा गेल्या, हे त्यांनाच फोन करून विचारा. किती पैसे दिले, कुणाला दिले, आउसबिल्डुंगला गेल्या की मान्यतेच्या वाटेनं? या एका फोनमधून जे कळेल ते कन्सल्टन्सीच्या दहा सेमिनारमधून कळणार नाही.

केरळच्या मुलींच्या पाठीशी वर्षानुवर्षं चालत आलेली सरकारी यंत्रणा आहे. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. सरकारी वाट खुली असेल तर तिची चौकशी सगळ्यात आधी करा. पण सोलापूर-लातूर-नांदेडच्या परिचारिकेला हक्कानं जाऊन विचारता येईल असं नोर्कासारखं दार आपल्याकडे तयार झालेलं नाही, आणि ती मोकळी जागा ही पॅकेजवाली मंडळी भरतात. मला याचा मनापासून राग येतो. इतक्या गुणी मुली, आणि त्यांच्या घरचे दागिने बँकेत.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि त्यानं घ्यायच्या सेवाशुल्कावर तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. परवाना आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं. ‘एज्युकेशन कन्सल्टन्सी’ अशी पाटी लावून तुम्हाला विद्यार्थिनी म्हणून पाठवणाऱ्याकडे तो असेलच असं नाही. विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेही उत्तरच आहे.

काही खर्च तुमचेही असू शकतात, हे कबूल. भाषेचा क्लास, परीक्षेची फी, कागदांची भाषांतरं, पासपोर्ट. ते ज्याचे त्याला, वेगवेगळे, पावती घेऊन द्यायचे. सगळं एकत्र बांधून ‘पॅकेज’ केलं की कशाचे किती, हे विचारायची सोयच राहत नाही. आणि प्लॉट गहाण ठेवू नका. कर्ज डोक्यावर घेऊन गेलेली परिचारिका वाईट मालकाला ‘नाही’ म्हणू शकत नाही, मध्येच परत येऊ शकत नाही. बाहेर गेलेल्यांचे त्रास ऐकते तेव्हा बहुतेकदा मुळाशी हेच निघतं.

मुलीचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी, जवळजवळ चोरून विचारला आहे. मला तो पॅकेजच्या प्रश्नापासून वेगळा दिसतच नाही. विद्यावेतनावर असलेल्या बाईला जर्मनीत नवरा आणि मूल बोलावणं जवळपास अशक्य असतं, कारण कुटुंबाच्या व्हिसासाठी पुरेसं उत्पन्न आणि पुरेशी मोठी जागा दाखवावी लागते. म्हणजे आउसबिल्डुंगला गेलात तर मुलगी पाचाची आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत तुम्ही तिला सुट्टीपुरत्या भेटणार. मान्यतेच्या वाटेनं, भाषा इथूनच पक्की करून गेलात, तर हीच ताटातूट वर्ष-दीड वर्षावर येऊ शकते. पूर्ण पगार सुरू झाला की कुटुंबाचा अर्ज करता येतो, फक्त राहायला दोन खोल्यांचं घर हवं. घर मिळायला मोठ्या शहरांत वेळ लागतो, तो धरून दोन वर्षं समजा. तुमच्या लेकीच्या दृष्टीनं या दोन वाटांतलं अंतर फार मोठं आहे, आणि ते कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

स्वार्थी असता का? कोकणातल्या किती घरांतले बाप आखातात वर्षानुवर्षं राहिले, त्यांना कुणी हा शब्द लावला? त्यांनी संसार उभा केला, असंच आपण म्हणतो. तोच संसार तुम्ही उभा करायला निघालात तर शब्द बदलायचं कारण नाही. तरीही सासूबाईंवर रागावू नका. त्या मूल सांभाळायला तयार आहेत, ही लहान गोष्ट नाही. साठी ओलांडलेली बाई पाच वर्षांच्या मुलीची शाळा, डबा, ताप, रात्रीची रडारड अंगावर घेणार असेल, तर तिला भीती वाटणारच, आणि ती भीती अशाच वाक्यातून बाहेर पडते. त्यांना समोर बसवून विचारा: तुम्हाला कशाची काळजी वाटते? मदतीला बाई ठेवली तर चालेल का? आजारी पडलात तर कोण येईल? आणि तुमच्या पतीलाही एक प्रश्न विचारायचा राहिलाय. ते प्लॉट द्यायला तयार आहेत, पण पतसंस्थेची नोकरी सोडून, भाषा येत नसलेल्या देशात, सुरुवातीला कदाचित गोदामात किंवा स्वयंपाकघरात काम करायला तयार आहेत का? त्यांनी आजपासून तुमच्याबरोबर जर्मन शिकायला सुरुवात केली, तर मला त्यांच्या होकारावर जास्त विश्वास बसेल. मुलीशीही बोला. पाच वर्षांच्या मुलांना पुष्कळ कळतं, आणि त्यांच्यापासून लपवलेलं तर आणखीच कळतं.

‘इथे मान नाही’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नेमकं काय बोचतं ते शोधायला हवं, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पगार बोचत असेल तर तुमचा राग रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की शंभराहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेचा पगार सरकारी परिचारिकेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नसावा. महाराष्ट्रात सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. तुमच्या सव्वाशे खाटांच्या रुग्णालयात तुम्हाला एकवीस हजार मिळतात. तुमची पात्रता कमी नाही, तुम्हाला कमी दिलं जातंय.

पण बोचणी कामाच्या स्वरूपाची असेल, तर जर्मनीत काय वाढून ठेवलंय ते आधीच पाहा. इथे आयसीयूत तुम्ही व्हेंटिलेटर सांभाळता, कॅन्युला लावता, इमर्जन्सीत डॉक्टर येईपर्यंत निभावून नेता. स्पंजिंग, बेडपॅन, डायपर बहुतेक वेळा मावशी करतात, भरवायला नातेवाईक असतात. तिथे रुग्णाला अंघोळ घालणं, संडासला नेणं, भरवणं, कूस बदलणं हे परिचारिकेचंच काम आहे, शिकलेल्या, अनुभवी, सीनियर परिचारिकेचंही. नातेवाईक भेटीच्या वेळेत येतात आणि जातात. उलट शिरेतून रक्त काढणं, कॅन्युला लावणं ही कामं अनेक रुग्णालयांत डॉक्टर करतात. त्यामुळे आपल्याकडून गेलेल्या कित्येक जणींना पहिले महिने वाटतं, आपण खाली उतरलो. शिवाय मान्यता मिळेपर्यंत तुम्ही सहायक. तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान मुलगी तुम्हाला सूचना देईल, आणि तुमचं जर्मन अडखळेल तेव्हा एखादा रुग्ण म्हणेल, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.

माझ्या मते हे काम कमी दर्जाचं मुळीच नाही. माणसाला स्वच्छ करताना त्याची त्वचा, सूज, श्वास, मनाची अवस्था जेवढी कळते तेवढी चार्टवरून कळत नाही. पण हे मला पटून उपयोग नाही. पुढच्या ड्यूटीत एखाद्या रुग्णाचं सगळं स्वतः करून पाहा, मावशींना हाक न मारता, आणि घरी जाताना मनाला विचारा.

पैशाचा अंदाजही नीट बांधा. मान्यताप्राप्त परिचारिकेला सार्वजनिक रुग्णालयात सुरुवातीला तीन हजार युरोंहून थोडा जास्त ढोबळ पगार मिळतो. कर, आरोग्यविमा आणि पेन्शन कापून एकट्या व्यक्तीच्या हातात साधारण दोन-तृतीयांश उरतं. म्युनिक किंवा फ्रँकफुर्टसारख्या शहरात त्यातला मोठा भाग भाड्यात जातो, लहान गावात बराच वाचतो. युरोला शंभरनं गुणून आलेला आकडा मनातून काढून टाका. राहणं, खाणं, येणं-जाणं वजा करून महिन्याला घरी किती पाठवता येईल, तो आकडा धरा.

मग आता काय करायचं? भाषा. सगळं तिच्यावर अडलंय आणि ती तुम्हाला कुणी विकू शकत नाही. पुण्यात आणि मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. सोलापुरातून ऑनलाइन सुरुवात करा. ए-१ ची परीक्षा द्या. चार-पाच महिन्यांत तुम्हाला कळेल की ही भाषा तुमच्या तोंडात बसते की नाही, रात्रपाळीनंतर अभ्यास होतो की नाही, आणि हे कळायला सहा लाख लागणार नाहीत. इन्चार्ज सिस्टरांशी बोलून काही महिने पाळी एकच ठेवता आली तर पाहा, दर आठवड्याला बदलणाऱ्या ड्यूटीत क्लास हमखास बुडतात. ए-२ पर्यंत नोकरी सांभाळून होतं. बी-१ आणि बी-२ साठी मात्र पूर्ण वेळ लागतो असा बहुतेकींचा अनुभव आहे. साठवलेले पैसे खर्च करायचेच असतील तर तेव्हा करा, सहा-आठ महिने बिनपगारी काढण्यासाठी. आणि बी-२ फक्त परीक्षेपुरतं पाठ करू नका. फोनवरून हँडओव्हर घेताना, बोळक्या तोंडानं गावाकडची बोली बोलणाऱ्या आजोबांचं दुखणं समजून घेताना प्रमाणपत्र कामाला येत नाही.

भाषेबरोबरच कागद हातात घ्या, कारण आपल्या मुली सगळ्यात जास्त अडकतात त्या इथे. तुमच्या जीएनएमच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असेल, मध्ये वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मध्ये नवऱ्याचं. आधारवर तिसरंच काहीतरी. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, परदेशी कार्यालयाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाहनोंदणीचा दाखला काढा, गरज असेल तर राजपत्रात नावबदल करा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नावाची नोंद जुळवून घ्या. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण थकलं असेल तर तेही. नर्सिंग स्कूलकडून आणि पोस्ट बेसिकच्या कॉलेजकडून विषयवार तासांचा तक्ता आत्ताच मागा, थिअरी आणि क्लिनिकल वेगवेगळे. प्राचार्य बदलतात, शाळा बंद पडतात, जुनी रजिस्टरं सापडत नाहीत. अनुभवाचा दाखला ‘या आमच्याकडे कामाला होत्या’ एवढ्यावर घेऊ नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वॉर्डात, आठवड्याला किती तास, काय काम, हे सगळं त्यात हवं. जर्मन भाषांतरं मात्र आत्ता करू नका. कोणते कागद आणि कोणत्या पद्धतीनं, हे राज्याराज्यात बदलतं. रुग्णालय ठरलं की तेच सांगतील.

भाषा बी-१ च्या पुढे गेली की मुलाखती मिळू लागतात, आणि तिथे प्रश्न तुम्ही विचारायचे. रुग्णालय आहे की वृद्धाश्रम? शहर कोणतं? मान्यतेआधी पगार किती, नंतर किती? परीक्षेची तयारी कोण करून घेणार, फी कोण भरणार? पहिली राहायची जागा कुणी द्यायची, भाडं किती? करार मध्येच सोडला तर किती परत करायचं आणि ती रक्कम दर महिन्यागणिक कमी होत जाते का? आणि तिथे आधीपासून असलेल्या एखाद्या भारतीय परिचारिकेचा नंबर मागा. चांगलं रुग्णालय देतं.

जर्मनीच का, हाही प्रश्न आहे. कन्सल्टन्सी जर्मनीची होती म्हणून? इंग्रजीत तुमचा हात बसलेला असेल तर ब्रिटन आणि आयर्लंडची वाट भाषेच्या दृष्टीनं जवळची. ब्रिटनसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यांत सात आणि लेखनात साडेसहा लागतात, किंवा ओईटी ही आरोग्यक्षेत्रासाठीची इंग्रजीची परीक्षा. मग संगणकावरची सीबीटी परीक्षा इथे देता येते आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिथे जाऊन. पण ब्रिटनमधली परदेशी परिचारिकांची भरती गेल्या दोनेक वर्षांत खूप आटली आहे. ‘केअर वर्कर म्हणून चला, मग नर्स व्हा’ असं कुणी अजून सांगत असेल तर उठून या. केअर वर्करची परदेशातून नवी भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली. अमेरिकेची एनसीएलईएक्स ही परिचारिका-परवान्याची परीक्षा इथून देता येते, पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची आहे. आखातात डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी) आणि प्रोमेट्रिक (संगणकावरची परीक्षा) उरकून लवकर जाता येतं, पगारावर प्राप्तिकर नाही, सोलापूर विमानानं काही तासांवर. तिथे कायमचं स्थायिक होणं सहसा जमत नाही, पण घराचं कर्ज फेडून चार-पाच वर्षांत परतायचं, एवढंच मनात असेल तर ती वाट वाईट नाही. मात्र आखाती देशांसह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याबरोबर पाऊल टाकू नका.

सरकारी भरतीचंही मनातून काढू नका. खुल्या प्रवर्गाला अडतिसाव्या वर्षापर्यंत, मागासवर्गीयांना त्रेचाळीसपर्यंत अर्ज करता येतो. जर्मनीतही वयाचा वेगळा निकष लागतो तो पंचेचाळिशीपासून. तेव्हा ‘वय चाललंय’ ही घाई तुमच्या मनात दुसऱ्या कुणीतरी भरलेली आहे. फक्त एक सांगते, भरतीची तयारी आणि जर्मनचा क्लास एकाच महिन्यांत करू नका, दोन्ही अर्धवट राहतील. जाहिरात आली तर क्लासला तीन महिन्यांची सुट्टी द्या, परीक्षा द्या, आणि परत या.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) झालेल्या मुलींना वरची मान्यतेची वाट सहसा मिळत नाही, तो अभ्यासक्रम परिचारिकेच्या बरोबरीचा धरला जात नाही. त्यांच्यासाठी आणि बारावीनंतर थेट जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आउसबिल्डुंग विचार करण्यासारखी आहे, पण तीही रुग्णालयाशी थेट बोलून, लाखोंची पॅकेजं न घेता. नुकत्याच पास झालेल्यांनी आणि ब्रदर्सनीही वर्ष-दोन वर्षं चांगल्या वॉर्डात काढावीत, त्या अनुभवाचं वजन मान्यतेत आणि मुलाखतीत पडतं. ज्यांनी पैसे आधीच भरलेत त्यांनी शरमेनं गप्प बसू नये. पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवा, लेखी परतावा मागा, आणि दाद मिळाली नाही तर पोलिसांबरोबरच मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सरकारी) कार्यालयाकडे तक्रार करा.

कन्सल्टन्सीला आज रात्री एवढंच लिहा: ‘मी नोंदणीकृत परिचारिका आहे, मला आउसबिल्डुंग नको, मान्यतेच्या वाटेनं जायचं आहे. तुमचा भरतीचा परवाना क्रमांक, रुग्णालयाचं नाव आणि खर्चाचा तपशील लेखी पाठवा.’ उत्तर काय येतं ते पाहा. मग ए-१ च्या बॅचमध्ये नाव घाला, शक्य तर पतीचंही. वर्षभरानं एखाद्या रुग्णालयाचा करार हातात आला, तर सही करण्याआधी मला पाठवा, नावं झाकून. त्यातली कलमं इथेच, याच सदरात, सगळ्या सिस्टरांसाठी उलगडून वाचू.